बांधाखालची कॉफी

भात निसवायला लागलं की अलीकडे मला अन्न गोड लागत नाही. दिवस खरं तर सुखाचे असतात. गणपती आपल्या गावी गेलेले असतात, पाऊस आला तर आला नाही तर नाही अशा बेताने पडतो, आणि पोटरीतून लोंबी हळूच डोकं बाहेर काढते. दाणा चिमटीत दाबला तर दूध येतं. माझं माहेर तळा गावचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिथे या दिवसांत आई शेताच्या कडेला उभी राहून नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, "आता काही काळजी नाही." इथे सासरी, खाडीकाठच्या या गावात, काळजी नेमकी याच दिवसांत सुरू होते. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

माहेरी पाणी डोंगरावरून येतं आणि खाली निघून जातं. त्याचा काय तो स्वभाव माणसाला ठाऊक असतो. इथे समुद्र रोज दोनदा शेतापेक्षा उंच होतो. मध्ये असतो फक्त मातीचा बांध. लग्न होऊन आले त्या वर्षी नवऱ्याने मला हौसेने बांधावर नेलं होतं. एका अंगाला खाडी काठोकाठ भरलेली, दुसऱ्या अंगाला, चांगलं पुरुषभर खाली, हिरवंगार भात. "हे असंच राहतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "राखलं तर राहतं." आणि मोबाइल काढून माझा फोटो काढायला लागला. त्या फोटोत मी घाबरलेली दिसते आणि घरातले सगळे अजून म्हणतात, नवी नवरी लाजलीय.

राखायची रीत जुनी आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, त्या दिवसांत घरटी पाळी लागते. ज्यांची पाळी त्यांनी भरतीच्या आधी गावापासून थेट उघाडीपर्यंत बांध चालून बघायचा. उघाडी म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायची झडप, बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला. चालताना बघायची ती चिंबोऱ्यांची बिळं. चिंबोरी खायला कितीही गोड असली तरी बांधाची ती वैरीण. बोटभर बीळ पाडते, त्यातून पाणी झिरपतं, माती सुटते आणि एखाद्या उधाणाला खांड जाते. बांध फुटला असं इथे कोणी म्हणत नाही, खांड गेली म्हणतात, घरातलं माणूस गेल्यासारखं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते भात गेलंच, वर पुढचा पावसाळाही जमीन धुण्यातच जातो. आमच्या पलीकडच्या गावाने बांधाकडे पाठ फिरवली. तिथे आता शेतात खारफुटीची तिवरं वाढलीत, आणि बायका आपल्याच शेतात गुडघाभर चिखलात मासे चाचपतात.

या बांधाच्या गावाकडच्या टोकाला, अगदी पायथ्याशी, सुगंधा वहिनीचं कॉफीचं दुकान आहे.

सुगंधा वहिनी नात्याने माझी चुलत जाऊ, पण मी तिला वहिनीच म्हणते. तिचा नवरा टगबोटीवर असतो, महिन्यातला बराच काळ पाण्यावर. ती पूर्वी न्हावा शेव्याला एका कॅन्टीनमध्ये होती. तिथल्या मद्रासी मालकिणीने तिला पितळी फिल्टरात कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे कडक अर्क, पाडायला शिकवलं. कॅन्टीन बंद झालं तेव्हा वहिनीने तो फिल्टर मागून घेतला आणि बांधाखाली, स्वतःच्या शेताच्या कडेला, पत्र्याचं छप्पर घालून दुकान मांडलं. गावाने नावं ठेवली. कॉफी म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याची, उपासाची, नाही तर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची. रोज कोण पिणार? वहिनीने त्या कडक डिकॉक्शनमध्ये आपलं गावचं दाट दूध ओतलं, वर जायफळ किसलं, आणि पहिले काही दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतंच बोलावून पाजली. "इकरं बस. पिऊन त बग." वर्षाच्या आत रस्त्याकडेला ट्रेलरची रांग लागायला लागली.

मी बंदरात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. दिवसभर कंटेनरचे नंबर आणि लोकांची तुसडी उत्तरं. संध्याकाळी गावच्या फाट्यावर उतरले की पाय आपोआप वहिनीकडे वळायचे. मी दिसले की ती दूध गॅसवर ठेवायची. विचारायची नाही. कोणाला साखर कमी, कोणाला जायफळ चालत नाही, कोणाच्या बायकोचं बाळंतपण कुठल्या महिन्यात, सगळं तिच्या डोक्यात. बिहारकडचे ड्रायव्हर यायचे, त्यांना ती आपल्या हिंदीत दटावायची, "खाली पेट गाडी नहीं चलानेका." मग कॉफीबरोबर घावन यायचं, मागितलेलं नसताना. ते घावन तिच्याच शेतातल्या लाल तांदळाचं. गुडघा दुखणाऱ्या बाळारामदादांसाठी तिने कुठून तरी हात असलेली उंच खुर्ची आणून ठेवली होती, आणि त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं की बिनधास्त उठवायची. घरी सुद्धा माझी कोणी इतकी वाट पाहत नव्हतं. हे वाचून नवऱ्याला राग येईल असं वाटतं, पण खरं ते खरं.

पाळीवाले तिच्याकडे थांबायला लागले ते ओघानेच. बांध तिथूनच सुरू होतो. नरेश स्वतःचा ट्रेलर चालवतो, रात्रपाळी करून आलेला असायचा. बाळारामदादा एके काळी मिठागरावर होते, पण आता गुडघ्यांनी दगा दिलेला. त्यांना तसंच बांधावर जाऊ देणं वहिनीच्या रक्तात नव्हतं. "उपाशी मानूस बांदावर जात न्हाय," ती म्हणायची. एक कॉफी, मग घावनं, मग कोणाच्या तरी लग्नाचा विषय. तोवर भरती लागायची, ऊन चढायचं. मग नरेश दुकानाशेजारी चार पावलं चढायचा, बांधाचा फोटो काढायचा आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा. बांध ओके. खाली सगळ्यांचे अंगठे. बांधाचं ते टोक नेहमी ओकेच असायचं, कारण तिथे माणसांचा राबता होता आणि माणसांच्या वाटेवर चिंबोरी बीळ करत नाही. उघाडीकडचं टोक कुणी कधी पाहिलं होतं, हे कुणाला सांगता आलं नसतं.

आणि तरीही ते दिवस मला आठवतात ते उबदारच. जायफळाचा वास, पत्र्यावर उतरलेलं ऊन, मागे वाऱ्याने सळसळणारं भात. माणूस सुखात असला की त्याला फक्त समोरचं दिसतं.

मग एका भाद्रपदात कॉफीची चव बदलली.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माझंच तोंड आलंय. दुसऱ्या दिवशीही तेच. गोडाच्या मागून, गिळून झाल्यावर, जिभेच्या कडेला काहीतरी राहायचं. मी आजूबाजूला पाहिलं. नरेशने घोट घेतला, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "मस्त झालीय, वैनी." बाळारामदादांनी कप संपवून बशीत पालथा घातला आणि मान डोलावली. पाहुण्याने पानातल्या पदार्थाला नाव ठेवू नये हे आम्हा सगळ्यांना दुधाच्या दातांबरोबर शिकवलेलं. त्यातून हात सुगंधा वहिनीचा. कोण बोलणार? माझ्या जिभेला मात्र हाड नाही. मी चारचौघांत म्हणाले, "काय गं वहिनी, कोणाच्या प्रेमात पडलीस? कॉफीत मीठ घातलंस!"

सगळे हसले. वहिनीही हसली, पण तिचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर तिने सगळी भांडी चिंचेने घासून उन्हात पालथी घातलेली. फिल्टर खोलून उकळलेला. तरी चव तीच. तिने दूधवाल्याला झापलं, साखरेचं पोतं बदललं. शेवटी तिने स्वतः विहिरीचं पाणी तोंडात धरून पाहिलं असणार, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी दुकानात पाण्याचे निळे जार आले. ही विहीर दुकानामागे, शेताच्या कडेला. पावसाळाभर गोड असायची.

"इहीर जुनी झाली," ती मला म्हणाली. "गाळ काढाया पायजे दसऱ्यानंतर. तवर लोकांला कशाला वंगाळ पाजायचा?"

कॉफी पुन्हा पहिल्यासारखी झाली. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. जमीन आमच्या घशाशी येऊन सांगत होती की खाडी खालून आत आली आहे, आणि एका बाईने पदरच्या पैशाने गोड पाणी आणून ते सांगणं बंद केलं, पाहुण्यांची आबाळ नको म्हणून. त्यात तिचं काय चुकलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

सर्वपित्री अमावास्येला मला सुट्टी होती. वहिनीच्या सासऱ्यांचं, ती त्यांना मामा म्हणायची, पान वाढायचं होतं आणि तिने भाऊकीला दुकानातच जेवायला बोलावलं होतं, घरात जागा कमी म्हणून. पाळी नरेशची आणि बाळारामदादांची होती. तेही पंगतीला होते. पितरांच्या नावाने बोलावलं की नाही म्हणता येत नाही, आणि पंगतीतून मध्येच उठता येत नाही. मी वाढायला होते. बाहेर असलं ऊन की पत्रा कडकड वाजत होता. वारा पडलेला. भात निसवून दाण्याने भरत आलेलं, एकही पान हलत नव्हतं. उधाणाची भरती भर दुपारी यायची होती, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

भात वाढून झाला तेव्हा शेतातले सगळे बगळे एकदम उठले. आवाज न करता, एकामागून एक, आणि गावाकडे गेले. मी भाजीचं भांडं घेऊन मागच्या दारात उभी होते. शेतालगतच्या चरात पाणी वर येत होतं. गढूळ, त्यावर फेस, आणि मधूनमधून बुडबुडे. पाऊस तर आठवडाभर नव्हता. मी वळून बाळारामदादांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच थांबला होता. त्यांना त्यांच्या उंच खुर्चीवरून माझ्या बाजूने चर दिसत होता. ते अर्धवट उठले.

"दादा, बसा," वहिनी म्हणाली. ती खिरीचं पातेलं घेऊन आली होती. "खीर ऱ्हायलीया. मामांला लय आवरायची. खीर न खाता उठलाव त मामांला काय सांगू?"

दादा बसले.

ती खीर मी वाढली. लाल तांदळाची, गुळातली. सगळ्यांनी खाल्ली. नरेशने दोन घासांत संपवली आणि पानाला नमस्कार केला. तेवढ्यात उघाडीच्या बाजूने आवाज आला. मोठा नव्हता. चुलीवर पाणी ओतल्यावर होतो तसा, फक्त तो थांबला नाही.

पुढचं सगळं उन्हात, लख्ख दिसत होतं, म्हणून ते जास्त भयंकर वाटलं. बायका-पुरुष बांधावरून धावले. हातात घमेली, फावडी, ट्रेलरवरच्या ताडपत्र्या. नरेश छातीएवढ्या पाण्यात उतरून गोणी लावत होता आणि पाणी ती गोणी त्याच्या हातातून सहज काढून घेत होतं. बैलगाडी जाईल एवढी खांड बघता बघता ट्रेलर जाईल एवढी झाली. उघाडीच्या जवळचं पहिलं शेत कोणा दुसऱ्याचं, पण तिथून उतार होता तो सरळ वहिनीच्या शेताकडे. पाणी लोंब्यांच्या गळ्यापर्यंत चढलं आणि तिथे उभं राहिलं. वहिनी बांधावर आली नाही. ती दुकानातली उष्टी पानं उचलत होती.

ओहोटीला पाणी निघून गेलं. भात तसंच उभं, हिरवं, ओलं, चकाकत. दुसऱ्या दिवशीही हिरवंच. वहिनी मला म्हणाली, "बग ना गो, काय झालं न्हाय त्याला." चार दिवस ती रोज असंच म्हणत होती आणि मी रोज मान हलवत होते. मग शेंड्याकडून पिवळं पडत आलं. दाणा दाबला तर दूध नाही, नुसतं फोलपट. गावात भात असलेल्या सगळ्यांचंच थोडंफार गेलं, तिचं सगळं गेलं. तिला कुणीही एका शब्दाने बोललं नाही. उलट लोक मुद्दाम येऊन बसायचे, कॉफी मागायचे, जास्त पैसे ठेवून जायचे. तेच तिला सोसवेना.

"माझ्या कॉफीनं बांद खाल्ला," ती एक दिवस म्हणाली. मी तिच्यावर ओरडलेच. बांध चिंबोऱ्यांनी खाल्ला, आम्ही खाल्ला, फोटो काढणाऱ्या नरेशने खाल्ला, मोबाइलवर अंगठे देणाऱ्या साऱ्या गावाने खाल्ला. कॉफीचा काय दोष? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी बस म्हटला म्हनून बसले ना?" तिने दुकान बंद केलं. ट्रेलरवाले फाट्यावर हॉर्न वाजवून जायचे. तिचा नवरा घरी आला की शेताकडे पाठ करून बसायचा. जमिनीवर मीठ फुललं, पांढरं, सकाळच्या उन्हात बघवत नव्हतं. मी ऑफिसातून थेट घरी जायला लागले आणि घरी चिडचिड करायला लागले.

मला तेव्हा एक प्रश्न सतत पडायचा. अगत्य म्हणजे काय? समोरच्याला बरं वाटावं एवढंच का? तसं असेल तर त्याच्यासारखी गोड आणि त्याच्यासारखी धोक्याची गोष्ट नाही. माझी आई पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची, पण एस.टी.ची वेळ झाली की त्याच्या हातात पिशवी देऊन त्याला जवळजवळ घराबाहेर ढकलायची. तेव्हा ते मला उद्धट वाटायचं.

त्या उन्हाळ्यात गावाने मशीन लावून खांड बुजवली आणि गेल्या वर्षीचा पावसाळा जमीन धुण्यात गेला. यंदा वहिनीने दुकान उघडलं आणि पेराही केला. विहीर श्रावणात गोडी धरू लागली. दुकानात एक गोष्ट नवी आहे. टेबलावर कॉफीच्या आधी विहिरीच्या पाण्याचा पेला येतो. जार बंद. प्रत्येकाने एक घोट घ्यायचा आणि वहिनीकडे बघून सांगायचं कसं आहे ते. बिहारी ड्रायव्हरांना वाटतं ही इथली पूजाबिजा असेल, ते पेला कपाळाला लावून पितात. "मीठा है, भाभी." मीठा म्हणजे मीठ नव्हे, गोड, हे मनाशी जुळवून ती मान डोलावते आणि गॅस लावते.

पाळीवाले आता खरोखर उघाडीपर्यंत जाऊन येतात. निदान परवापरवापर्यंत जायचे. या आठवड्यात ऊन तापलंय, बंदरात काम वाढलंय, आणि बांध नवा आहे, मशीनने दाबलेला, त्याला काय होतंय, असं नरेश काल म्हणाला. ग्रुपवर पुन्हा एक फोटो आला. मी अंगठा दिला नाही, पण इतर बऱ्याच जणांनी दिला.

आज संध्याकाळी उतरले तर दुकान भरलेलं होतं. नरेश, त्याच्याबरोबरचे दोघे, बाळारामदादा त्यांच्या खुर्चीत, दोन ड्रायव्हर. उद्या अमावास्या. मागे भात निसवलेलं, वाऱ्याने हेलकावे घेणारं, इतकं देखणं की बघून भीती वाटावी. वहिनी नटलेली, लग्नघरातल्यासारखी लगबग चाललेली. सगळ्यांचे पेले पिऊन झालेले दिसत होते. कॉफीचं दूध वर यायला लागलं होतं.

"ये गो मीना, बस," ती म्हणाली आणि माझ्यापुढे पेला ठेवला. "सांग."

मी घोट घेतला. थंडगार पाणी होतं. गिळलं आणि थांबले. मग दुसरा घोट घेतला, कारण एका घोटावर असं काही बोलता येत नाही. वर पाहिलं तर नरेश माझ्याकडे बघत होता, आणि त्याने लगेच नजर खाली घातली. बाळारामदादा बशीत बघत होते. त्यांना ठाऊक होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उन्हातान्हातून आलेली माणसं, समोर इतक्या हौसेने दूध तापत असलेलं, दोन वर्षांनी त्या बाईच्या चेहऱ्यावर रंग परतलेला. मलाही क्षणभर वाटलं, उद्या सांगू.

"वहिनी," मी म्हणाले, "खारट आहे."

वहिनीने पेला माझ्या हातातून घेतला, उरलेलं पाणी प्यायली, आणि तोंडात धरून राहिली. मग तिने एकेकाकडे पाहिलं, सगळ्यांकडे. दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरलं. तिने गॅस बंद केला, दारामागची घमेली ओढून टेबलावर, कपबशांच्या मध्ये टाकली.

"उठा," ती म्हणाली.